शेजारी पाया खोदला जातोय: आवाज, हादरे आणि भिंतीचे तडे यांची कायदेशीर जबाबदारी

पुण्यात जुन्या सोसायटीचा पुनर्विकास म्हटलं की आधी खोदाई येते. खाली काळा पाषाण आणि वर दोन-तीन मजली तळघर पार्किंगचा आराखडा, त्यामुळे पोकलेनला ब्रेकर लावून महिनोन्‌महिने खडक फोडला जातो. मुंबईत भरावाच्या किंवा गाळाच्या जमिनीवर पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याचं काम, चालतं. या काळात शेजारच्या इमारतीतली माणसं वकिलाकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्रास खरा असतो, तडेही खरे असतात. पण "हा तडा काम सुरू होण्याआधी नव्हता कशावरून?" या एका प्रश्नाला उत्तर नसतं आणि दावा तिथेच ढेपाळतो.

म्हणून या लेखात कलमांपेक्षा कागद आणि पुरावे यांवर जास्त लिहिलं आहे. कायदा शेजाऱ्याच्या बाजूने बऱ्यापैकी आहे. कमी पडते ती तयारी.

आधी तक्रारी वेगळ्या करा

लोक एकाच अर्जात "आवाज, धूळ, हादरे, तडे" असं सगळं एकत्र लिहितात. असं करू नका, कारण प्रत्येकाचा कायदा, अधिकारी आणि पुरावा वेगळा आहे.

आवाजासाठी लेखी नियम आहेत: ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. हे नियम पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली येतात. त्यात डेसिबलचे आकडे आहेत, वेळा आहेत आणि तक्रार ऐकणारा अधिकारी ठरलेला आहे. शहरातल्या बांधकामाच्या हादऱ्यांसाठी मात्र असा थेट आकडा सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. तिथे उपद्रव, म्हणजे कोर्टाच्या भाषेत न्यूसन्स, निष्काळजीपणा आणि जमिनीच्या आधाराचा हक्क या जुन्या तत्त्वांवर दावा उभा राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे खोदाईमुळे जमीन खचणं. तिला लोक हादरे समजतात, पण ती वेगळी आहे आणि खरं मोठं नुकसान बहुतेक वेळा तिच्यामुळेच होतं.

कायदा शेजाऱ्याला किती देतो

शेजारी घर बांधणारच आणि बांधताना आवाज होणारच, हे कोर्ट गृहीत धरतं. या विषयावर अजूनही सांगितला जाणारा निकाल लंडनचा आहे: आंद्रे विरुद्ध सेल्फ्रिज. शेजारच्या पाडकामाच्या आणि बांधकामाच्या आवाजाने, धुळीने धंदा बुडाला म्हणून हॉटेल चालवणाऱ्या बाईंनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ४,५०० पौंड दिले. १९३७ मध्ये अपील कोर्टाने ते १,००० पौंडांवर आणले. काळजी घेऊन, वाजवी वेळेत केलेल्या कामाचा त्रास सोसावा लागतो. भरपाई मिळते ती वाजवीपेक्षा जास्त झालेल्या त्रासाची.

त्यामुळे "काम बंद करा" अशी मागणी घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. "रात्री दहानंतर ब्रेकर नको, आमच्या भिंतीलगत ब्रेकरऐवजी दुसरी पद्धत वापरा, हादऱ्यांची मोजणी करा" अशी मागणी केलीत तर न्यायाधीश ऐकतो आणि अनेकदा बिल्डरही ऐकतो.

"हा भाग आधीच गजबजलेला आहे" हा बचाव तुम्हाला हमखास ऐकवला जाईल. त्यावर अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९७८ चा राधेश्याम विरुद्ध गुरप्रसाद हा निकाल हाताशी ठेवा. वाद पिठाच्या गिरणीचा होता. गोंगाटाच्या वस्तीतही नव्या यंत्राने आवाजात मोठी भर पडून राहणाऱ्यांचं स्वास्थ्य बिघडत असेल तर तो न्यूसन्सच, असं न्यायालयाने म्हटलं. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात शांतपणे जगण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये धरला आहे.

जबाबदार कोण

बिल्डर सांगतो, खोदाईचं काम सब-कॉन्ट्रॅक्टरला दिलंय, त्याच्याशी बोला. सब-कॉन्ट्रॅक्टर सांगतो, मशीन भाड्याचं आहे. पुनर्विकासाला गेलेली सोसायटी सांगते, आमचा काय संबंध, आम्ही तर भाड्याने राहतोय.

यातलं एकही उत्तर कायद्यात पुरतं टिकत नाही. शेजाऱ्याच्या इमारतीचा आधार धोक्यात येईल असं काम ज्याच्या जमिनीवर आणि ज्याच्या सांगण्यावरून होतं, त्याला ते कंत्राटदारावर ढकलून सुटता येत नाही. बॉवर विरुद्ध पीट (१८७६) या निकालापासून हे तत्त्व चालत आलं आहे. विकास करारनाम्यात बिल्डरने सोसायटीला "सर्व दाव्यांपासून संरक्षण" दिलेलं असतं, पण ते त्या दोघांतलं असतं. तुम्ही त्या कराराचे पक्षकार नाही. म्हणून जमिनीची मालक असलेली सोसायटी, विकसक, मुख्य कंत्राटदार आणि गरज असेल तर आरसीसी कन्सल्टंट (इमारतीचा सांगाडा आखणारा इंजिनिअर), सगळ्यांनाच नोटीस द्या. कोणाचा किती वाटा, ते त्यांनी आपसात पाहावं.

आधाराच्या हक्काबद्दल भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ मध्ये दोन गोष्टी आहेत. नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क मुळातच आहे (कलम ७). जमिनीवर इमारत असेल तर तिच्या भारासकटचा आधार वीस वर्षं निर्वेध मिळालेला असला की तोही हक्क होतो (कलम १५). तुमची इमारत वीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोटिशीत हे कलम लिहायला विसरू नका. तिचं जुनेपण इथे तुमच्या कामाला येतं.

पहिली पायरी: ब्रेकर लागण्याआधी इमारतीची नोंद

शेजारी पत्रे उभे राहिले, पाडकामाची चर्चा सुरू झाली, की त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या.

सोसायटीने स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमावा. बिल्डर "आमचाच माणूस सर्व्हे करून देईल" म्हणाला तर तोही होऊ द्या, पण त्याची प्रत घ्या आणि त्यावर दोन्हींकडच्या सह्या असू द्या. अलीकडे झालेलं स्ट्रक्चरल ऑडिट असेल तर सोन्याहून पिवळं, कारण वाद सुरू होण्याआधीचा कागद कोर्टात जास्त वजनदार ठरतो.

प्रत्येक फ्लॅट, जिना, गच्ची, पाण्याच्या टाक्या, कंपाउंड वॉल यांचे फोटो काढा. भिंत धड आहे तिचाही फोटो हवा, कारण नंतर पडलेला तडा सिद्ध करतो तो तडा नसलेला जुना फोटो. जिथे आधीच भेग आहे तिथे शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि रेघेजवळ तारीख लिहा. महिन्याने भेग रेघेच्या पुढे सरकली तर वाद घालायला जागा उरत नाही. शंका असलेल्या भेगेवर प्लास्टर खरवडून काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा. इंजिनिअर तिला टेल-टेल म्हणतात. भिंत हलली की काच तडकते. तिच्यावरही तारीख घाला.

फोटो-व्हिडिओ कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग फोटो देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यामुळे मूळ फाइल त्याच फोनमध्ये किंवा हार्ड डिस्कवर जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली प्रत पुरावा म्हणून लंगडी असते.

दुसरी पायरी: कागद गोळा करा

प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर संकेतस्थळावर विकसकाचा पत्ता, मंजुरीचे कागद, आर्किटेक्ट आणि इंजिनिअरची नावं सहसा मिळतात. नोटीस कोणाच्या नावे काढायची हे तिथेच कळतं. पण महारेरा किंवा ग्राहक आयोगाकडे दाद मागायला जाऊ नका. ती घर घेणाऱ्यांसाठीची ठिकाणं आहेत. शेजारी त्या बिल्डरचा ग्राहक नसतो.

महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी), त्याच्या अटी आणि खोदाईचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागा. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो, म्हणून लागणाऱ्या कागदांची नावंच थेट लिहा.

एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. मंजुरीपत्रात आवाजाबद्दलच्या अटी असतात आणि विकसकाला सहामाही पालन अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल मिळवून वाचा. "सर्व अटींचे पालन केले जात आहे" असं त्यात लिहिलेलं असतं आणि तुमच्याकडे रात्री साडेअकराचा व्हिडिओ असतो. राष्ट्रीय हरित लवादापुढे असा विरोधाभास बोलका ठरतो.

तिसरी पायरी: आवाजाची तक्रार

निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. ५५ हा आकडा पाहून लोकांना वाटतं, काम तर लगेच बेकायदा ठरलं! तसं नाही. नियम ७ प्रमाणे तक्रार करण्यासाठी आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त असावा लागतो. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. शिवाय ही मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीची आहे, एका दणक्याची नव्हे.

रात्रीचं वेगळं आहे, आणि हा मुद्दा पुष्कळांना माहीत नसतो. २०१० च्या दुरुस्तीने आलेला नियम ५अ सांगतो की निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकाम यंत्रं रात्री वापरायचीच नाहीत. इथे मीटर लागत नाही, आकडा लागत नाही. रात्री दहानंतर ब्रेकर किंवा पायलिंग रिग चालू असणं हाच भंग. व्हिडिओ काढताना घड्याळ, यंत्र आणि जागा एकाच चित्रणात येतील असं पाहा, ११२ वर फोन करा, तक्रार क्रमांक टिपून ठेवा आणि सकाळी त्याच क्रमांकाचा उल्लेख करून पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. पोच घ्या. नाव उघड होईल या भीतीने बरेच जण गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या याचिकांवर निकाल देताना तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याची काळजी घेतली आहे, ते अर्जात लिहा.

दिवसाच्या आवाजासाठी मोजमाप लागतंच. मोबाइलवरचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक, कोर्टात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट केलेल्या मीटरने मोजून घ्या, आणि दोनदा घ्या: एकदा काम चालू असताना, एकदा काम बंद असलेल्या रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळेला. तुमचा रस्ता मुळातच ६५ च्या वर असू शकतो. दोन मोजण्यांतला फरकच बांधकामाचा वाटा दाखवतो.

रुग्णालय किंवा शाळेजवळ १०० मीटर म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र, ही समजूत आता चालत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र ठरत नाही.

अर्जाची एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या भंगाला पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती. जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून, कलम १५ खाली दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आहे.

चौथी पायरी: हादरे आणि खचणं

हादरा मोजतात तो जमिनीच्या कणांचा कमाल वेग किती मिलिमीटर प्रतिसेकंद आहे त्यावर. माणसाला ०.३ च्या आसपासही हादरा जाणवतो, १ ला तो तक्रार करतो. घरांना इजा होण्याची पातळी याच्या कितीतरी वर आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात सुरुंगांच्या हादऱ्यांसाठी साध्या घरांना वारंवारितेप्रमाणे (सेकंदाला किती कंपनं होतात त्याप्रमाणे) ५, १० आणि १५ मिलिमीटर प्रतिसेकंद अशा मर्यादा आहेत. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना त्या २, ५ आणि १० आहेत. ते परिपत्रक सुरुंगांसाठीचं असलं तरी दुसरा देशी आकडा हाताशी नसल्याने तज्ज्ञ त्याचा आधार घेतात. सोबत जर्मनीचं डीआयएन ४१५० हे मानकही दाखवतात, त्यात घरांसाठी कमी वारंवारितेला ५ हाच आकडा आहे.

याचा अर्थ प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवा. कपाटातली भांडी थरथरली म्हणजे इमारतीला धोका झाला असं नाही. जाणवणाऱ्या हादऱ्याने झोप, आजारपण, मुलांचा अभ्यास बिघडला तर तो न्यूसन्सचा दावा, आणि भिंत फाटली तर तो नुकसानीचा. दोन्ही मागता येतात, पण एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

आता खचण्याबद्दल. खोल खड्ड्याला पुरेसं शोअरिंग, म्हणजे त्याच्या बाजू ढासळू नयेत म्हणून दिलेला आधार, नसेल, किंवा खड्ड्यात पाझरणारं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसलं जात असेल, तर शेजारची माती बसते. त्याची खूण वेगळी असते: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एका टोकाला रुंद होत जाणारा तडा, दारं चौकटीत अडकू लागणं, फरशी आणि कंपाउंड वॉल यांच्यात फट पडणं. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या जाळीदार भेगांपेक्षा हे फार गंभीर आहे. भरावाच्या किंवा काळ्या मातीच्या जमिनीवर विशेष सावध राहा. अशी खूण दिसली की त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा, महापालिकेला लेखी कळवा आणि पोलिसांनाही. बांधकामातल्या निष्काळजीपणाने माणसांच्या जिवाला धोका होत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९० लागू होतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

एक धोका मात्र ध्यानात असू द्या. "आमची इमारत कोसळेल" असं भीतीपोटी लिहून दिलंत तर महापालिका तुमच्याच इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस काढू शकते, मुंबईत तिथल्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली, पुण्यासारख्या महापालिकांत त्यांच्या महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली. इंजिनिअरने जेवढं पाहिलं तेवढंच लिहा.

पाचवी पायरी: नोटीस

वकिलाच्या नोटिशीआधी सोसायटीच्या लेटरहेडवर साधं पत्र द्या. मागण्या मोजता येतील अशा हव्यात. मजकूर असा चालेल:

"मा. अध्यक्ष/सचिव व विकसक यांस, आपल्या भूखंडावरील खोदाईमुळे आमच्या इमारतीच्या पूर्वेकडील भिंतीस दि. … रोजी नवीन तडे आढळले. सोबत इंजिनिअरचा अहवाल व काम सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे जोडली आहेत. तरी (१) आमच्या भिंतीलगत ब्रेकरचा वापर थांबवून डायमंड वायर सॉ, रॉक स्प्लिटर किंवा रासायनिक पद्धतीने खडक काढावा, (२) आमच्या इमारतीच्या पायथ्याशी हादरे मोजण्याचे यंत्र बसवून रोजच्या नोंदी आम्हास द्याव्यात, (३) शोअरिंगचा आराखडा व विमा पॉलिसीची प्रत सात दिवसांत द्यावी."

विम्याची मागणी मुद्दाम ठेवली आहे. कंत्राटदाराच्या ऑल रिस्क पॉलिसीत तिऱ्हाइताचं नुकसान असतं, पण हादरे आणि आधार कमकुवत होणं यासाठी सहसा वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. ते कलम नसेल तर भरपाई बिल्डरच्या खिशातून निघायची आहे, हे तडजोडीला बसण्याआधी कळलेलं बरं.

सहावी पायरी: कोर्ट की लवाद

दिवाणी कोर्टात मनाई आणि भरपाई दोन्ही मागता येतात. सोसायटीच्या वतीने दावा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करा. फ्लॅटच्या आतल्या नुकसानीसाठी तो फ्लॅटधारक स्वतः वादी हवा. बिल्डर बहुधा आधीच कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा आगाऊ अर्ज) लावून बसलेला असतो, त्यामुळे एकतर्फी स्थगितीची आशा धरू नका. त्यापेक्षा दाव्यासोबतच कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २६, नियम ९). कमिशनरने जागेवर येऊन केलेली नोंद दोन्ही बाजूंच्या भाडोत्री तज्ज्ञांपेक्षा जास्त मानली जाते. महापालिकेलाही प्रतिवादी करायचं असेल तर तिला आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते.

उपद्रव चालू आहे तोवर मुदतीचा प्रश्न रोज नव्याने सुरू होतो (मुदत कायदा, कलम २२), पण एकदाच झालेल्या नुकसानीसाठी तीन वर्षं धरून चाला. मेट्रोसारख्या पायाभूत प्रकल्पाविरुद्ध मनाई मिळणं विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ४१(एचए) मुळे फार अवघड झालं आहे. दक्षिण मुंबईत मेट्रो ३ च्या रात्रीच्या कामाला उच्च न्यायालयाने आधी मनाई केली होती, पुढे २०१८ मध्ये परवानगी दिली. अशा ठिकाणी जोर मोजणीवर आणि भरपाईवर ठेवा.

ध्वनिनियमांचा किंवा पर्यावरण मंजुरीचा भंग हा मुख्य मुद्दा असेल तर पुण्यातलं राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ जवळचं. तिथे वादाचा अर्ज सहा महिन्यांत, भरपाईचा पाच वर्षांत करायचा असतो. फक्त दोन घरांतला तड्यांचा वाद मात्र दिवाणी कोर्टातच न्यावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

भरपाई आणि तडजोड

दुरुस्तीचा खर्च, दुरुस्तीच्या काळातलं भाडं, बुडालेला धंदा, इंजिनिअर आणि प्रयोगशाळेची बिलं आणि त्रासाबद्दलची रक्कम, हे सगळं मागता येतं. "इमारत जुनीच होती" एवढ्याने समोरचा पूर्ण सुटत नाही, पण जुन्या आणि नव्या नुकसानीची वाटणी होते. ती वाटणी तुमच्या पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा करतात.

निम्म्याहून जास्त प्रकरणांत तडजोड हाच शहाणा मार्ग असतो, असं माझं मत आहे. फक्त ती लेखी करा आणि बँक गॅरंटी किंवा अनामत रक्कम मागा. बिल्डर लगेच गवंडी पाठवून भेगा बुजवून, रंग मारून देतो म्हणेल. खोदाई चालू असताना भेगा बुजवल्या की पुरावाही त्यांच्याबरोबर बुजतो. तळघराच्या भिंती आणि स्लॅब पडून खड्डा भरला गेला, पाणी उपसणं थांबलं, आणि त्यानंतर एक पावसाळा काचेच्या पट्ट्या न तडकता गेला की मग दुरुस्ती करून घ्या. "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या पावतीवर त्याआधी सही करू नका.